आखाड्यात मूल नेमकं काय शिकतं? बडोद्यातले पालक आणि जुने तालीमकर, दोघांसाठी धागा

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी,

बडोद्यातल्या एका तालमीत संध्याकाळी मी लहान मुलामुलींना मल्लखांब आणि लाठी शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की पालकांची रीघ लागते. प्रश्न ठरलेले असतात. शिस्त लागेल ना? राग कमी होईल ना? मोबाइल सुटेल ना? अलकापुरीपासून मांजलपूरपर्यंत कराटे-तायक्वांदोच्या वर्गांचे फलक दिसतात, त्यांच्यावरही हेच: शिस्त, आत्मविश्वास, संस्कार. आमच्या तालमीच्या पत्रकावरही हेच छापलेलं आहे. त्यात खोटं काही नाही. पण हे गुण मुलात कुठल्या वाटेनं येतात यावर आपण फारसं बोलत नाही. मारुतीची तसबीर, लाल माती आणि वस्तादांच्या पाया पडणं एवढं असलं की संस्कार आपोआप होतात असं धरून चालतो. मला ते पुरेसं वाटत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

माझं मत आधी मांडते. आखाड्यात मूल खरं बदलायला लागतं ते दुसऱ्या मुलाचं शरीर त्याच्या हवाली केल्यावर.

मल्लखांबाचंच घ्या. खांब सागाचा किंवा शिसवीचा, वर निमुळता होत गेलेला, त्याला एरंडेल चोळलेलं. नवीन मूल आधी खांबाला नमस्कार करतं, मग सलामी, मग साधी पकड, आणि मग अढी शिकतं. अढीत डोकं खाली, पाय वर, आणि मांड्यांच्या पकडीवर सगळं वजन. खाली गादी असते. पण गादीच्या भरवशावर आम्ही कुणालाच वर चढवत नाही. दोन्ही बाजूंना दोन मुलं उभी असतात, बहुतेक वेळा दहा-अकरा वर्षांची. वरचं मूल घसरलं तर मान आणि खांदा सांभाळणं हे त्यांचं काम. तेवढा वेळ इकडेतिकडे बघायचं नाही, गप्पा नाहीत, कुणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. काही महिने हे काम केलेल्या मुलाला वरच्याच्या मांडीची पकड सुटते आहे हे वरच्याच्या आधी कळतं. पोटरी थरथरते, श्वास अडतो, बोटं मिटतात, ते सगळं त्याच्या नजरेला दिसायला लागतं. शाळेत "लक्ष देत नाही" म्हणून ज्याची तक्रार येते असा मुलगा इथे खाली उभा राहिला की डोळा हलवत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

लाठीतही हेच. एकट्याने लाठी फिरवायला मुलांना फार आवडतं, कारण बघणाऱ्यांना ते दिसतं. जोडीचे हात सुरू झाले की खरी परीक्षा. समोरच्याने शीर, म्हणजे डोक्यावरचा वार, मारायचा, आपण अडवायचा. मग तमाचा, बाहेरा असे पुढचे वार. मारणाऱ्याला वार पुरा काढायचा असतो आणि समोरच्याला तो अडवता आला नाही तर शेवटच्या क्षणी थांबवायचाही असतो. जोर असल्याशिवाय वार निघत नाही आणि ताबा असल्याशिवाय थांबत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच मनगटात आणायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

रागाबद्दल पालकांना मी स्पष्ट सांगते. पहिल्या काही महिन्यांत राग कमी होत नाही. उलट तापट मुलाला चार हात आले की ते शाळेत दाखवायची हौस येते. मुलाला त्याच्यापेक्षा लहान मुलाला शिकवायला बसवलं की फरक दिसू लागतो. त्याच गोष्टी दहादा सांगाव्या लागतात, समोरचं मूल रडतं, पकड चुकवतं, आणि तरी त्याला पडू द्यायचं नसतं.

आणखी एक गोष्ट, साधी पण मोलाची. आठवड्यातून एकदा कुस्तीच्या हौद्यातली माती खणून भुसभुशीत करायची, तिच्यात तेल, हळद, ताक मिसळायचं, खांब पुसायचा, अंगण झाडायचं. हे सगळ्यांनी करायचं. गाडीतून उतरणाऱ्यानेही आणि पोळीतून, म्हणजे जुन्या गल्लीवस्तीतून, चालत येणाऱ्यानेही. यावरून पालकांशी माझे वाद झाले आहेत आणि मी हटलेली नाही.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी असले तर नक्की लिहा.

मांडवीचा_दरवाजा

ताई, फार चांगला विषय काढलात. बडोद्यात बसून यावर बोलायचं तर जुम्मादादा आणि माणिकराव यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते, तेव्हा थोडं लांबण लागेल.

दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी आतून पाहिलं असेल. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद. त्यांचे पट्टशिष्य माणिकराव, ज्यांना पुढे सयाजीराव महाराजांच्या राज्यात राजरत्न म्हणून मान मिळाला. शिष्याने आयुष्यभर गुरूच्याच नावाने संस्था चालवली आणि आजही पाटीवर नाव गुरूचंच आहे. आखाड्याच्या परंपरेतलं मूल्य कोणतं असं मला कुणी विचारलं तर मी ती पाटी दाखवीन. तालमीत वस्ताद कुठल्या जातीधर्माचा हे विचारलं जात नसे, त्याच्याकडे कुठले पेच आहेत हे विचारलं जाई.

पण माणिकरावांचं मोठेपण एवढंच नाही. जुन्या आखाड्यात विद्या उस्तादाकडून एकेका पठ्ठ्याकडे जायची, आणि बरीचशी उस्तादाबरोबरच संपायची. माणिकरावांनी ती शेकडो मुलांना एका वेळी देता येईल अशी बांधणी केली. लाठी, लेझीम, मुद्गल, जंबिया (वाकडी कट्यार), फरीगदका (ढाल आणि काठी) यांचे हात क्रमाने बसवले आणि सांघिक कवायतीसाठी हिंदी आज्ञा तयार केल्या, तेही कवायत म्हटली की इंग्रजी हुकूम अशी पद्धत असलेल्या काळात. बडोदा म्हणजे गुजराती, मराठी, उर्दू सगळं एकत्र नांदणारं शहर. आज्ञा सगळ्यांना कळणाऱ्या भाषेत आली आणि मैदानावर मराठी पोर आणि गुजराती पोर एकाच पावलावर आलं.

त्यांच्याकडून काय घडलं याचा एक दाखला सगळ्यांना ठाऊक असायला हवा. आपल्या जवळच्या डभोईत १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे हे १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांकडे शिकले. पुढे तेच स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहणारा माणूस आपल्या दांडिया बाजाराच्या मातीतून गेला आहे.

आणि दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोशही इथलाच, दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादित केलेला. १९३६ पासून पुढची दहा-बारा वर्षं खंडामागून खंड निघत होते. कुस्तीचे पेच, मल्लखांबाच्या उड्या, लाठीचे हात सगळं चित्रांसकट. ज्यांच्या घरी जुने खंड असतील त्यांनी कृपा करून रद्दीत देऊ नका.

नवी_वाट

मी मूळची बडोद्याची, आता पुण्यात. वरचे दोन्ही प्रतिसाद मनापासून वाचले. पण आखाड्याच्या परंपरेचं सगळंच गोड होतं असं चित्र उभं राहतंय, म्हणून थोडा कडू भाग लिहिते.

माझ्या लहानपणी आमच्या भागातल्या तालमीत मुलींना हौद्याच्या कडेलाही उभं राहू देत नसत. माती बाटते म्हणायचे. माझा भाऊ आत, मी बाहेर ओटल्यावर त्याची पिशवी धरून. म्हणजे परंपरा म्हणून जे मूल्य दिलं जात होतं त्यात हेही होतं, आणि ते माझ्या भावाने तितक्याच सहज आत्मसात केलं. ते काढून टाकायला त्याला पुढे बरीच वर्षं लागली.

दुसरं. वस्तादांपुढे बोलायचं नाही, त्यांनी मारलं तरी हूं की चूं करायचं नाही, हा जो आदर शिकवला जातो त्याची मला आई म्हणून भीती वाटते. जिथे मुलांचं शरीर मोठ्या माणसाच्या हाताखाली असतं तिथे "गुरूला प्रश्न विचारू नये" ही शिकवण धोक्याची आहे. हे आखाड्यालाही लागू आहे आणि काळा पट्टा बांधलेल्या सरांनाही.

ताई, तुम्ही म्हणता दुसऱ्याचं शरीर हवाली केल्यावर मूल बदलतं. मान्य. मग ज्याच्या हवाली सगळ्याच मुलांची शरीरं आहेत, त्या शिक्षकाचं काय?

सुरसागरकाठ

नवी_वाट, तुमचा प्रतिसाद या धाग्याला हवाच होता.

मुलींबद्दल तुम्ही लिहिलंत ते शब्दन् शब्द खरं आहे. अनेक तालमींत तसंच होतं, आणि काही ठिकाणी आजही मातीच्या हौद्यात मुलींना घेत नाहीत. मला ते मान्य नाही आणि मी ते परंपरा म्हणून सांभाळणार नाही. याच बडोद्यात दुसरी परंपराही होती, हे मात्र लक्षात असू द्या. कारेलीबागेतल्या आर्य कन्या महाविद्यालयात स्वातंत्र्याच्या आधीच्या काळात मुली लाठी, लेझीम, तलवार शिकत होत्या. ज्या राज्यात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं आणि त्यात मुलीही आल्या, तिथे हे घडलं यात नवल नाही. दोन परंपरा समोर आहेत, तर पुढे कुठली न्यायची ते आपण ठरवायचं. आज आमच्याकडे दोरीच्या मल्लखांबावर मुलीच पुढे आहेत, आणि पुरलेल्या खांबावरही चढतात.

शिक्षकाबद्दल. पालकांना मी पहिल्याच दिवशी सांगते की वर्ग चालू असताना केव्हाही येऊन बसा, कळवून येण्याची गरज नाही. "पालक समोर असले की मुलांचं लक्ष लागत नाही" असं सांगून जिथे दार लावून घेतात तिथे मूल घालू नका, मग वस्ताद कितीही नावाजलेले असोत. आधार देताना हात कुठे लावायचा हे मुलांसमोर आधी बोलून दाखवलं जातं: कंबर, खांदा, पोटरी. मुलाने "नको" म्हटलं तर हात मागे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा सगळ्यांना माहीत आहे, पण कायदा नंतर येतो. वर्गाची रचनाच अशी हवी की मूल कुणाही एका मोठ्या माणसाबरोबर एकटं राहणारच नाही.

आणि मारणं. मुलाला मारून शिकवणाऱ्याला शिकवता येत नाही, एवढंच मी म्हणेन.

लाल_माती_गडी

राम राम. मी कोल्हापूरकडचा, आता मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरीला. तरुणपणी गावच्या तालमीत दहा वर्षं राहिलो. "राहिलो" म्हणतो कारण आमच्याकडं पोरगं तालमीतच झोपायचं. पहाटे जोर-बैठका, मग माती, मग खुराक. थंडाई घोटायची पाळी असायची, भाकरी घरून यायची.

सगळ्यांनी आदर, शिस्त लिहिलं. मी हरण्याबद्दल लिहितो. कुस्तीत हरणं लपवता येत नाही. जत्रेत चार गावं बघत असतात आणि तुमची पाठ मातीला लागलेली असते. हलगी थांबत नाही, पुढची जोड लागलेलीच असते. उठायचं, समोरच्याच्या हातात हात द्यायचा, कपाळाला माती लावायची आणि आखाड्याबाहेर यायचं. कारण सांगायला कुणी विचारतच नाही. पंचाशी हुज्जत घातली तर घरी गेल्यावर वस्ताद एक शब्द बोलायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी मात्र जोरच जोर. माझ्यापेक्षा लहान पोरानं मला ढाक या डावावर फेकलं तेव्हा त्याच रात्री वस्तादांनी त्याच पोराला माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाले, याला विचार तू कुठं उघडा पडलास. त्यानं सांगितलं, मी ऐकलं. मला घडवलं ते त्या रात्रीनं.

आता माझ्या कामावर तरुण पोरं बघतो. जरा साहेब बोलला की राजीनामा. हुशार पोरं आहेत, पण पाठ टेकायची सवय कधी झालीच नाही.

पैशाचं पण लिहितो. तालमीत हमालाचं पोर आणि सावकाराचं पोर एका मातीत. पण खुराक एक नसायचा. दूध-तूप-बदाम कुणाच्या घरी रोज असणार? आमच्या वस्तादांनी तीन-चार पोरांचं दूध स्वतःच्या खिशातून लावलं होतं आणि ते कुणाचं हे आम्हाला कधी कळू दिलं नाही. आपल्या शहरात ज्यांना परंपरेची कळकळ आहे त्यांनी एखाद्या पोराचं दूध लावावं. फोटो न काढता.

पांढरा_पट्टा

मी ज्यूदोवाला. या धाग्यावर परका वाटेन म्हणून लिहावं की नाही असं झालं होतं, पण सुरसागरकाठ ताईंचा मुद्दा वाचून राहवलं नाही, कारण आमच्याकडे अगदी हीच गोष्ट तत्त्व म्हणून मांडलेली आहे.

जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान सुरू केलं. जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येतले घातक प्रकार त्यांनी सरावातून बाजूला काढले, म्हणजे जोडीदाराला इजा न करता पूर्ण ताकदीनं सराव करता येईल. त्यांनी दोन सूत्रं दिली: ताकदीचा योग्य वापर, आणि आपलं व दुसऱ्याचं दोघांचं भलं. दुसरं सूत्र भिंतीवर टांगण्यासाठी नाही. समोरचा माणूस स्वतःला फेकू देतो म्हणून मला फेक शिकता येते. तो उद्या जखमी होऊन घरी बसला तर माझं शिकणं थांबलं. म्हणून आमच्याकडे पहिले काही आठवडे फक्त पडायचं. मागे, बाजूला, पुढे गोलांटी घेत. हनुवटी छातीशी, हात गादीवर आपटायचा. पालक कंटाळतात, विचारतात, "मारायला कधी शिकवणार?" पण शहरातल्या रस्त्यावर त्या मुलावर कुणी हल्ला करण्यापेक्षा ते सायकलवरून पडण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे, आणि तेव्हा हेच कामाला येणार आहे.

पट्ट्यांबद्दल एक सांगतो, कारण पालकांचा सगळा जीव तिथे अडकलेला असतो. कानोंच्या काळात पांढरा आणि काळा एवढ्यावरच बहुतेक भागत असे. पिवळा, नारिंगी, हिरवा ही रांग युरोपात रुजली, पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या कावाइशींमुळे १९३० च्या दशकात. मुलांना पुढची पायरी दिसावी हा चांगला हेतू होता. आज मात्र दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी आणि नवा रंग असं काही वर्गांचं गणित झालं आहे. मुलाला पट्टा मिळतो आणि साधं नीट पडता येत नाही. तुमच्या तालमीत रंग नाहीत हे मला हेवा वाटण्यासारखं आहे. तिथे कुणाला खाली आधाराला उभं करतात यावरूनच मूल कुठवर आलं ते सगळ्यांना कळत असणार.

आणि ज्यूदो आपल्याला अगदी परका नाही. रवींद्रनाथांनी १९२९ साली शिंझो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात शिकवायला बोलावलं होतं.

मांडवीचा_दरवाजा

पांढरा_पट्टा, परके कशाला वाटाल? चांगली भर घातलीत. तुमच्या पडण्याच्या मुद्द्यावरून आठवलं. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६४ साली गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये मल्लपुराण छापलं, सांडेसरा आणि मेहता यांनी संपादित केलेलं. आपल्या उत्तर गुजरातच्या ज्येष्ठीमल्लांचा, म्हणजे पिढीजात पहिलवानांच्या समाजाचा, हा संस्कृत ग्रंथ. मल्लांची वयाप्रमाणे आणि कुवतीप्रमाणे वर्गवारी, कुठल्या ऋतूत काय खावं, कुणी किती व्यायाम करावा, सगळा विचार त्यात आहे. सगळ्यांना एकच माप लावायचं नाही हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. आजकाल आठ वर्षांच्या मुलाकडून शंभर जोर काढून घेऊन व्हिडिओ टाकणाऱ्यांनी ते पान वाचावं.

नवी_वाट, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. गुरूवरची निष्ठा आणि गुरूला प्रश्न विचारणं यांत जुन्या लोकांना विरोध वाटत असे, मलाही तरुणपणी वाटे. आज वाटत नाही. चांगला उस्ताद पठ्ठ्याला पेचाची तोडही शिकवायचा, म्हणजे स्वतःच्याच डावाला उत्तर द्यायला शिकवायचा.

रावपुऱ्याची_आई

सगळ्यांचं वाचलं. मला खरंच मदत हवी आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची. बुजरी आहे, शाळेत कुणी ढकललं तरी सांगत नाही, घरी येऊन गप्प बसते. तिला "लढाऊ" करायचं नाही मला. तिने "नको" म्हणायला शिकावं एवढंच हवं आहे. एका वर्गात नेलं तर तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी मोठ्या मुलासमोर उभं केलं आणि "घाबरतेस काय, मार" म्हणाले. ती दुसऱ्या दिवशी गेली नाही. आता कुठे घालू? मल्लखांब, लाठी, ज्यूदो?

शिवाय आजी म्हणतात, वस्ताद लोक हाड बसवतात, डॉक्टरकडे जायची गरज नसते. ते कितपत खरं?

सुरसागरकाठ

आई, त्या वर्गात परत पाठवलं नाहीत हे उत्तम केलंत.

बुजऱ्या मुलांबद्दल माझा अनुभव असा की त्यांना समोरासमोरच्या झटापटीत आधी घालू नये. मल्लखांबावर प्रतिस्पर्धी नसतो. खांब हलत नाही, हसत नाही. आज अर्ध्यापर्यंत चढली, उद्या बोंडापर्यंत, म्हणजे खांबाच्या टोकापर्यंत. तिला स्वतःच्या हातापायांचा भरवसा येतो. पण एवढ्याने तिला "नको" म्हणता येणार नाही, तेही सांगते. त्यासाठी आवाज लागतो, आणि आवाज कामातून येतो. म्हणून मी बुजऱ्या मुलांना लवकरात लवकर खालच्या आधाराला लावते. तिथे बोलावंच लागतं: "थांब", "उतर", "पकड सुटतेय", "अजून नको". वरचं मूल मोठं असलं, दांडगं असलं, तरी खालच्याने "उतर" म्हटलं की उतरायचं, हा आमचा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. अशी मुलगी वर्षभराने शाळेच्या बसमध्ये कुणाला "थांब" म्हणताना मी ऐकली आहे. तिच्या आईने मला मुद्दाम बोलावून ऐकवलं.

लाठीच्या जोडीचे हात त्यानंतर. ज्यूदोबद्दल पांढरा_पट्टा सांगतील.

हाड बसवण्याबद्दल: माणिकराव त्यासाठी फार प्रसिद्ध होते, लांबून लोक त्यांच्याकडे येत. तो काळ आणि तो हात वेगळा. आज मूल पडलं, सूज आली, हात हलवता येत नाही, तर आधी एक्स-रे. मालिश करायचीच नाही. मुलांच्या हाडांची टोकं वाढती असतात, तिथली चीर वरून कळत नाही. माझ्या वर्गात हा नियम लेखी आहे.

लाल_माती_गडी

आई, पोरगीला कुठंबी घाला, फक्त पहिल्या दिवशी वस्ताद तिच्याकडं बघतो का तुमच्या पाकिटाकडं बघतो ते बघा. आणि कोपऱ्यात बसलेल्या सगळ्यात कमकुवत पोराशी तिथली मोठी पोरं कशी वागतात ते बघा. बाकी काय विचारायची गरज न्हाई.

नवी_वाट

गडीदादा, तुमचं हे वाक्य पुण्यातल्या माझ्या सोसायटीच्या गटावर पाठवते आहे.

सुरसागरकाठ ताई, "खालच्याने उतर म्हटलं की उतरायचं" हा नियम वाचून माझा विरोध बराच मवाळ झाला. आज्ञा देण्याचा हक्क वयावरून किंवा ताकदीवरून न ठरता जबाबदारीवरून ठरतो, हे नऊ वर्षांच्या मुलीला कुठे दुसरीकडे अनुभवायला मिळणार? असं लिहिलेलं, ठरवलेलं जिथे असेल तिथे मी माझा मुलगा आनंदाने पाठवीन. एक विनंती: हे नियम कागदावर उतरवून इतर तालमींनाही द्या. एकेका चांगल्या शिक्षकाच्या स्वभावावर सगळं अवलंबून राहिलं तर तो शिक्षक गेल्यावर काय उरतं? मांडवीचा_दरवाजा काकांनी माणिकरावांबद्दल लिहिलं तेच हे काम आहे.

सुरसागरकाठ

खरं आहे. आधाराचे नियम, पालकांच्या बसण्याचा नियम, दुखापतीचा नियम, तिन्ही एकत्र लिहून काढते. मराठीत आणि गुजरातीत दोन्ही. काका, गुजराती मसुदा तुम्ही तपासाल का?

मांडवीचा_दरवाजा

आनंदाने. पाठवा.

पांढरा_पट्टा

आई, ज्यूदोबद्दल थोडक्यात. बुजऱ्या मुलीला चालतो, कारण आमच्याकडे ठोसे-लाथा नाहीत, पकडून तोल घालवायचा असतो, आणि शरण जायची खूण पहिल्या दिवसापासून शिकवतात. गादीवर किंवा जोडीदाराच्या अंगावर दोनदा थाप मारली की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. म्हणजे तिचं "नको" तिथे हाताने म्हणता येतं, आणि ते ऐकलं जातंच. पण हे चांगल्या वर्गातच. तिथे अर्धा तास बसून बघा, थाप पडल्यावर किती लवकर हात सुटतो ते.

रावपुऱ्याची_आई

सगळ्यांचे आभार. दोन ठिकाणी मुलीला घेऊन जाऊन बसले. एका ठिकाणी मला बाहेर थांबायला सांगितलं, तिथून तशीच परत आले. दुसरीकडे ज्यूदोचा वर्ग होता, घराजवळ. तिथल्या ताईंनी मुलीला काही करायला सांगितलं नाही, फक्त बसून किती जणांनी थाप मारली ते मोजायला सांगितलं. तिने मोजलं. घरी येताना स्वतःहून म्हणाली, एका मुलाने थाप मारल्यावर उशिरा सोडलं तर ताईंनी त्याला बाजूला बसवलं. तिला तेच सगळ्यात जास्त लक्षात राहिलं. सोमवारपासून जाणार आहे. मल्लखांब सुट्टीत करू, सुरसागरकाठ ताईंकडे. गणवेश कुठला घेऊ, आणि आणखी काही तयारी?

पांढरा_पट्टा

छान झालं. पहिला महिना गणवेश घेऊ नका, साधा पायजमा आणि पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा चालेल. नखं हातापायांची कापलेली हवीत, रोज तपासतात. कानातलं, बांगडी, साखळी घरी. केस मऊ रबराने बांधा, क्लिप नको. वर्गाच्या आधी दोन तास पोटभर जेवण नको, एखादं केळं चालेल. गणवेश घ्याल तेव्हा एक माप मोठा घ्या, सुती असतो, धुतल्यावर आखडतो.

सुरसागरकाठ

आणि सुट्टीत माझ्याकडे याल तेव्हा जुने कपडे घाला. एरंडेलाचे डाग जात नाहीत.